धुळीच्या रस्त्यांवर आणि ४५ अंशांच्या उन्हात इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलावे

चंद्रपूर, घुग्घुस, वणी, राजुरा या कोळसा आणि सिमेंटच्या पट्ट्यात गाडी वापरणाऱ्या माणसाला ऑइल बदलण्याबाबत दोन सल्ले हमखास मिळतात. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असे लिहिलेले असते, आणि गावातला जुना मिस्त्री सांगतो की आपल्याकडच्या रस्त्यांवर ३,००० च्या पुढे जाऊच नका. पहिला आकडा बऱ्या रस्त्यांवर, बऱ्या वेगाने चालणाऱ्या गाडीसाठी आहे. दुसरा आकडा ज्या काळातला आहे त्या काळी खनिज ऑइलच सर्रास वापरले जाई आणि इंजिनेही वेगळी होती. आपल्या गाडीचा आकडा बहुधा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो थोडे गणित व थोडी तपासणी करून बऱ्यापैकी नेमका काढता येतो. ती पद्धत येथे सांगितली आहे.

सुरुवात पुस्तिकेपासूनच करावी, मात्र तिच्यातील दुसऱ्या तक्त्यापासून. देखभालीच्या नेहमीच्या तक्त्यानंतर बहुतेक पुस्तिकांत खडतर वापरासाठी वेगळा तक्ता किंवा निदान तळटीप असते आणि ती फारसे कोणी वाचत नाही. धुळीचे किंवा कच्चे रस्ते, कडक उन्हात सततची रहदारी, जास्त वेळ जागेवर चालू ठेवलेले इंजिन, थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या, ओढलेले किंवा लादलेले जड ओझे, यांपैकी एखादी गोष्ट नेहमीची असली तरी गाडी खडतर वापरात मोडते आणि तेथे दिलेले अंतर बहुधा नेहमीच्या अंतराच्या निम्मे असते. आपल्या पट्ट्यात यांतल्या दोन-तीन गोष्टी एकाच वेळी लागू होतात, त्यामुळे हे निम्मे अंतर हाच आपला आरंभबिंदू मानावा. हमी चालू असेल तर या तक्त्यापेक्षा उशीर कधीही करू नये. लवकर बदलायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळचे बिल आणि त्यावरील किलोमीटरची नोंद जपून ठेवावी.

उष्णतेने ऑइलचे काय होते

बाहेर ४५ अंश आहे म्हणून इंजिनमधले ऑइलही त्याच प्रमाणात अधिक तापते, असा एक समज आहे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट कूलंटचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतो आणि गाडी नीट चालत असताना ऑइलचे तापमान, हिवाळा असो की उन्हाळा, साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपास राहते. उन्हाळ्यात खरा फरक पडतो तो राखीव क्षमतेत. रेडिएटरला उष्णता सोडण्यासाठी लागणारा तापमानातील फरक कमी झालेला असतो, त्यातच एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे आणखी उष्णता टाकत असतो, आणि रेल्वे फाटकावर कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत गाडी अर्धा तास उभी राहिली की समोरून वाहणारी हवाही थांबते. अशा वेळी ऑइलचे तापमान नेहमीपेक्षा १०-२० अंशांनी वर सरकू शकते. ऑइलच्या ऑक्सिडेशनचा, म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते बिघडण्याचा, वेग तापमानातील दर १० अंशांच्या वाढीला साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा आहे. म्हणून रांगेत गेलेला एक तास महामार्गावरच्या एका तासापेक्षा ऑइलला बराच महाग पडतो. ऑक्सिडेशनने ऑइल घट्ट होत जाते, त्यात आम्ल वाढते आणि पिस्टनच्या रिंगांमागे वार्निशासारखा थर बसू लागतो.

आपल्याकडे याला आणखी एक स्थानिक कारण जोडले जाते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरातले तंतू आणि मळणीच्या दिवसांतला सोयाबीनचा भुसा रेडिएटरच्या पातळ पात्यांमध्ये अडकतो, त्यावर धूळ बसते आणि मार्चमध्ये ऊन वाढते तेव्हा रेडिएटरचा बराच भाग बंद झालेला असतो. म्हणून उन्हाळ्यापूर्वी रेडिएटर आणि कंडेन्सर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घ्यावेत. जोराच्या धारेने पाती वाकतात आणि मग हवा आणखीच अडते. एवढे केले नाही तर ऑइल कितीही लवकर बदलले तरी ते पुन्हा तसेच भाजले जाते.

हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकलींची गोष्ट अगदी निराळी आहे. तेथे थर्मोस्टॅट नाही, त्यामुळे बाहेरचे तापमान थेट इंजिनापर्यंत पोचते. शिवाय १००-१२५ सीसीच्या गाडीत ऑइल असते जेमतेम एक लिटर, आणि तेच ऑइल इंजिनाबरोबर गिअर व क्लचचेही काम करते. गिअरच्या दात्यांमध्ये चिरडले गेल्याने त्याचा दाटपणा लवकर उतरतो. अनेक छोट्या मोटारसायकलींत कागदी ऑइल फिल्टर नसून केवळ तारेची जाळी आणि सेंट्रिफ्युगल फिल्टर, म्हणजे गरगर फिरून कचरा कडेला फेकणारा फिल्टर, असतो. या सर्व कारणांनी मोटारसायकलीचे अंतर कारच्या हिशेबाने कधीही ठरवू नये.

किलोमीटरऐवजी तास मोजणे

ऑइल झिजते ते इंजिन चालू असलेल्या वेळात. चाके किती फिरली याच्याशी त्याचा संबंध अप्रत्यक्ष आहे. ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते आणि अनेक ट्रॅक्टरांना २५० तासांनी ऑइल बदलायला सांगतात, ते यामुळेच. कारलाही हाच हिशेब लावता येतो. सरासरी ताशी ४० किलोमीटर वेग धरला तर १०,००० किलोमीटर म्हणजे २५० तास होतात. आता आपल्या गाडीच्या पडद्यावर सरासरी वेग दिसत असेल तर तो एकदा शून्यावर आणून, दोन-तीन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत तसाच चालू द्यावा. सरासरी ताशी २२ किलोमीटर निघाली तर २५० तासांचे ५,५०० किलोमीटर होतात. घुग्घुसच्या वाहतुकीत ती १६ वर आली तर अवघे ४,०००. हीच गाडी १०,००० किलोमीटरपर्यंत चालवली तर या शेवटच्या हिशेबाने इंजिन ६२५ तास चालते, म्हणजे ट्रॅक्टरच्या अंतराच्या अडीचपट. सरासरी वेग दाखवणारा पडदा नसेल तर आठवडाभर चावी लावल्याची आणि काढल्याची वेळ वहीत लिहून ठेवावी, तेवढ्यानेही पुरेसा अंदाज येतो. जागेवर उभ्या इंजिनाचा एक तास साधारण ४० ते ५० किलोमीटरच्या बरोबरीचा धरण्याची पद्धत आहे आणि ती या हिशेबाशी जुळते.

धूळ ऑइलमध्ये येते कोठून

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. इंजिनात धूळ शिरते ती मुख्यतः हवेच्या वाटेने. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, याचा अर्थ एक लिटर पेट्रोलमागे इंजिन साधारण ९ ते १० हजार लिटर हवा आत ओढते. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी वणीहून चंद्रपूरला जाऊन परत येईपर्यंत एखादी मोठी खोली भरेल एवढी हवा पिऊन बसते. त्या हवेत मुरमाच्या रस्त्याचा फुफाटा असतो, औष्णिक वीज केंद्राची राख असते, सिमेंटच्या वाहतुकीची भुकटी असते. कोळशाची काळी धूळ दिसायला भयंकर वाटते, परंतु ती तुलनेने मऊ आहे. इंजिनाला खरी कापते ती मातीतली वाळू आणि राखेतले सिलिका व अॅल्युमिना. क्वार्ट्झची कठिणता मोह्जच्या मापावर ७ आहे, आणि त्याचे पाच ते वीस मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण बेअरिंगमधील व रिंगांवरील ऑइलच्या थराएवढेच जाड असल्याने दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी खरवडतात. ऑइल फिल्टर मोठे कण पकडतो. हे बारीक कण त्याच्यातून बऱ्याच प्रमाणात सुटतात.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की धुळीपासूनचे संरक्षण एअर फिल्टर करतो आणि ऑइल बदलणे हा त्यानंतरचा, दुय्यम उपाय आहे. एअर फिल्टर गळत असेल तर २,००० किलोमीटरला ऑइल बदलूनही बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला पृष्ठभाग, झिजायचा थांबत नाही, कारण कण ऑइलपर्यंत पोचण्याआधीच पिस्टन आणि सिलिंडरच्या मधून गेलेले असतात. हे मला माझ्या गाडीने शिकवले. एका सर्व्हिसिंगनंतर एअर फिल्टरच्या डब्याची मागची एक क्लिप नीट बसलेली नव्हती आणि मी पूर्ण उन्हाळा तशीच गाडी चालवली. ऑइल मात्र ४,००० किलोमीटरला बदलले होते आणि त्यामुळे मी निर्धास्त होतो. जूनमध्ये डबा उघडला तेव्हा फिल्टरच्या पलीकडच्या, स्वच्छ असायला हव्या अशा नळीत राखाडी भुकटीची रेघ दिसली. तेव्हापासून ऑइलच्या अंतराचा विचार करण्याआधी मी नेहमी ही नळी पाहतो.

ही तपासणी कोणालाही करता येते. इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टरचा डबा उघडावा, फिल्टर काढावा आणि त्यानंतरच्या नळीच्या आतून स्वच्छ पांढरे फडके बोटाला गुंडाळून फिरवावे. ऑइलचा किंचित ओशटपणा चालतो. कोरडी, कचकच लागणारी भुकटी चालत नाही. फिल्टरच्या मागे टॉर्च धरून कागदातून कुठे प्रकाशाचा ठिपका दिसतो का तेही पाहावे. रबरी कडा चेपलेली, कडक झालेली किंवा एका कोपऱ्यातून उचललेली असेल तर फिल्टर स्वच्छ असला तरी बदलावा.

येथे एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. पंक्चरच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये दर पंधरा दिवसांनी कॉम्प्रेसरच्या हवेने फिल्टर झटकून घेण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे आणि ती नुकसानकारक आहे. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा १०० पीएसआयच्या पुढे असते. तिने कागदाचे धागे तुटून डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. दुसरे असे की कागदी फिल्टरवर धुळीचा थोडा थर बसल्यावर तो बारीक कण अधिक चांगले अडवतो, आणि प्रत्येक सफाईनंतर तो पुन्हा काही काळ कमकुवत होतो. झटकायचाच असेल तर हवा ३० पीएसआयच्या आत ठेवून, नळी दूर धरून, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे मारावी, आणि एकाच फिल्टरला असे दोनदा-तीनदा झाले की नवा बसवावा. अनेक नव्या मोटारसायकलींत ऑइलमध्ये भिजवलेला कागदी फिल्टर येतो. तो फुंकू नये, धुऊही नये, थेट बदलावा. फोमचा फिल्टर असेल तर तो धुऊन, पिळून, वाळवून, पुन्हा ऑइल लावून बसवावा. कोरडा फोम धूळ अडवत नाही.

आपल्या गाडीचा आकडा

एअर फिल्टरची व्यवस्था खात्रीची झाली की मग अंतर ठरवावे. पेट्रोल कारसाठी मी असा हिशेब करतो: पुस्तिकेतील खडतर वापराचे अंतर आणि २५० तासांचे किलोमीटर, या दोहोंत जे कमी असेल ते घ्यावे, आणि एकूण प्रवासाचा चौथा हिस्सा किंवा अधिक भाग कच्च्या अथवा खाणीच्या रस्त्यांवर होत असेल तर त्यातून आणखी पाचवा हिस्सा वजा करावा. ही वजाबाकी माझ्या अनुभवातली आहे, ती कोणत्याही मानकात लिहिलेली नाही. पुस्तिकेतील १०,००० चे निम्मे ५,००० आणि ताशी २२ च्या सरासरीचे ५,५००, यांत कमी असलेले ५,००० किलोमीटर अशा वेळी ४,००० होतात. चांगले सिंथेटिक ऑइल असेल आणि इंजिन निरोगी असेल तर कारचे ऑइल ३,००० च्या आत बदलण्यात मला काही लाभ दिसत नाही. त्या पैशांत एअर फिल्टर वेळेआधी बदलणे इंजिनाच्या अधिक उपयोगी पडते. उलट, एखाद्याचा बहुतेक प्रवास चंद्रपूर ते नागपूर अशा डांबरी महामार्गावर होत असेल तर त्याने ७,००० ते ७,५०० पर्यंत जायला हरकत नसावी, मात्र पुस्तिकेच्या मर्यादेत.

मोटारसायकलीसाठी, विशेषतः शंभर-सव्वाशे सीसीच्या हवेने थंड होणाऱ्या गाडीसाठी, होळीपासून पावसाळ्यापर्यंत २,५०० ते ३,००० किलोमीटर हे अंतर मी योग्य समजतो. ऑइलच एक लिटर असल्यामुळे त्यातले २०० मिलिलिटर जळाले तरी पाचवा हिस्सा गेला, हे लक्षात ठेवून दर ५०० किलोमीटरला पातळी पाहावी.

सीएनजीच्या गाड्यांत, रिक्षांतही, काजळी फार कमी होत असल्याने ऑइल पुष्कळ दिवस सोनेरी दिसत राहते आणि त्यामुळे फसगत होते. ते आतून ऑक्सिडेशन आणि नायट्रेशनने (नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी होणाऱ्या अभिक्रियेने) झिजत असते. तेथे रंगावर विसंबू नये, तासांवर विसंबावे. डिझेलचे उलट आहे: नवे ऑइल पाचशे किलोमीटरांत काळे होते आणि ते साहजिक आहे, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. बीएस-६ डिझेलमध्ये एक वेगळी अडचण येते. धुराड्यातील काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते आणि छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहिली की त्यातले काही डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइल मोजण्याच्या पट्टीवर (डिपस्टिकवर) पातळी वाढलेली दिसली, ऑइलला डिझेलचा वास आला, तर किलोमीटर मोजत बसू नये. ऑइल लगेच बदलावे. पातळ झालेले ऑइल आणि ४५ अंशांचा उन्हाळा यांचा मेळ बेअरिंगांसाठी वाईट आहे.

महिन्यांची मर्यादाही असते. गाडी कमी चालत असली तरी खडतर वापरात सहा महिन्यांच्या पुढे जाऊ नये. ज्यांचे महिन्याला हजारेक किलोमीटर होतात त्यांना मी हंगामाशी जुळणारे वेळापत्रक सुचवतो: एक बदल होळीच्या आधी, म्हणजे ऑइलमधली ऑक्सिडेशनरोधक द्रव्ये पूर्ण असताना उन्हाळा लागतो, दुसरा जूनअखेर, पेरण्या आटोपून धूळ बसल्यावर, त्याच वेळी एअर फिल्टरही नवा, आणि तिसरा दिवाळीनंतर, सोयाबीनची मळणी संपल्यावर. प्रत्येक बदलाबरोबर ऑइल फिल्टर बदलावाच. तुंबलेल्या फिल्टरची बायपास झडप उघडते आणि मग न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगांकडे जाते.

उन्हाळ्यासाठी जाड ऑइल घ्यावे का

हा प्रश्न दुकानात नेहमी विचारला जातो. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडमधील पहिला भाग थंडीतल्या वाहण्याबद्दल आहे आणि आपल्याकडे तो फारसा निर्णायक ठरत नाही; दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ३० च्या वर्गात तो ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतो आणि ४० च्या वर्गात १२.५ ते १६.३. अनेक पुस्तिकांत बाहेरच्या तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडचा तक्ता असतो. त्यात ४० अंशांच्या वर एकाहून अधिक ग्रेड चालत असतील तर त्यांपैकी जाड ग्रेड निवडणे समंजसपणाचे आहे. तक्त्यात एकच ग्रेड दिली असेल तर मात्र तीच वापरावी, कारण ऑइल पंप, टायमिंगची हायड्रॉलिक यंत्रणा आणि टर्बो त्याच दाटपणासाठी घडवलेली असतात. मोटारसायकलीत डब्यावर जासो (जपानी वाहन मानक संस्था) एमए किंवा एमए२ ही खूण असलीच पाहिजे. कारचे ऑइल घातले तर ओला, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेला, क्लच घसरू शकतो. जाड ऑइल घातले म्हणून अंतर वाढवता येते, हा समज चुकीचा आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर

ज्यांच्याकडे पाच-सहा गाड्या, टिप्पर किंवा जेसीबी आहेत त्यांनी वापरलेल्या ऑइलची प्रयोगशाळेत चाचणी करून घ्यावी. एका छोट्या कारसाठी चाचणीचा खर्च ऑइलच्या खर्चाला भिडू शकतो. नमुना इंजिन गरम असताना, ऑइल काढताना धारेच्या मधल्या भागातून, कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्यावा आणि त्यावर गाडी, एकूण किलोमीटर व ऑइलवरचे किलोमीटर लिहावेत. १०० अंशांवरचा दाटपणा, टीबीएन म्हणजे आम्ल शमवण्याची उरलेली क्षमता, इंधनाची भेसळ, आणि सिलिकॉन, अॅल्युमिनियम व लोह यांचे प्रमाण, एवढे मागावे. सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि लोह तिन्ही एकत्र वाढलेले असतील तर हवेच्या वाटेने माती शिरते आहे असे समजून आधी फिल्टर आणि नळ्या पाहाव्यात. एकटाच सिलिकॉन वाढलेला असेल, विशेषतः नव्या किंवा नुकत्याच उघडलेल्या इंजिनात, तर तो गॅस्केटच्या सीलंटचाही असू शकतो. टीबीएन नव्या ऑइलच्या निम्म्याखाली उतरला असेल तर अंतर कमी करावे. सलग दोन चाचण्यांत सर्व आकडे चांगले असतील तर अंतर थोडे वाढवण्याचा विचार करता येतो, पण एका चाचणीवरून नाही.

चाचणी न करणाऱ्यांसाठी पट्टी आहेच. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, गाडी सपाट जागी उभी असताना पट्टी पुसून पुन्हा बुडवून पातळी पाहावी आणि घातलेले ऑइल वहीत लिहावे. अनेक कारमध्ये खालच्या आणि वरच्या खुणेतले अंतर सुमारे एका लिटरचे असते. पूर्वी न लागणारे ऑइल आता दर हजार किलोमीटरला लागू लागले असेल, तर गाडी ऑइल खाते आहे. रिंगा अडकल्या किंवा बोअर झिजला असण्याची शक्यता त्यामागे असते आणि ती मिस्त्रीकडून तपासून घ्यावी.

ऑइल बदलताना इंजिन कोमट असावे, खूप तापलेले नसावे. भरण्याच्या तोंडाभोवतीची धूळ झाकण उघडण्याआधीच ओल्या फडक्याने पुसावी, आणि वाऱ्याच्या दिवशी हे काम उघड्यावर करू नये. बाहेर ठेवलेल्या नरसाळ्यातली चिमूटभर धूळ थेट ऑइलमध्ये जाते आणि तिच्या वाटेत एअर फिल्टर नसतो. ड्रेन नटाचा वायसर दर वेळी नवा घ्यावा. नव्या ऑइलचा रिकामा डबा फाडूनच टाकावा, म्हणजे त्यात नकली ऑइल भरून विकले जाणार नाही. काढलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते; वाळवीसाठी खांबांना लावायला, चुलीत जाळायला किंवा धुऱ्यावर ओतायला ते वापरू नये. झाकणाच्या डब्यात साठवून, त्यात पाणी किंवा डिझेल न मिसळता, अधिकृत संकलन करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे नेऊन द्यावे.